सांडपाण्यावरील यांत्रिक चाळण्या : रचना, कार्य आणि परिभाषा

मराठी घरात नको असलेला अंश वेगळा काढण्याच्या ज्या क्रिया रोज चालतात, त्यांना भाषेने निरनिराळी आणि काटेकोर नावे दिलेली आहेत. पीठ चाळतात, चहा गाळतात, धान्य पाखडतात, डाळीतील खडे निवडतात आणि गढूळ पाणी निवळू देतात. ही क्रियापदे सहसा एकमेकांची जागा घेत नाहीत. चाळण्यात कणाच्या आकाराचा निकष असतो, पाखडण्यात वजनाचा आणि वाऱ्याचा, निवडण्यात डोळ्यांचा आणि बोटांचा, तर निवळण्यात केवळ स्थिरतेचा आणि वेळेचा. गाळण्यात द्रव आपल्या भाराने खाली उतरतो व घन पदार्थ वर राहतो. शहराच्या सांडपाण्यावर शुद्धीकरण केंद्रात जे संस्कार होतात, ते रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांच्या आधाराने कितीही विस्तारलेले असले, तरी त्यांचा आरंभ याच जुन्या क्रियांपैकी एकीने होतो. केंद्रात शिरणाऱ्या प्रवाहाच्या वाटेत प्रथम एक अडसर उभा केलेला असतो. त्यातून पाणी पुढे जाते आणि मोठे घन पदार्थ मागे राहतात. प्रस्तुत लेखाचा विषय हा अडसर आणि त्याला साफ ठेवणारे यंत्र हा आहे.

या अडसराला मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. पाणी वाहते आहे म्हणून क्रिया गाळण्याची वाटते. परंतु गढूळपणा, विरघळलेली घाण आणि बारीक मळ यांना हा अडसर हात लावत नाही. फटीपेक्षा मोठे जे असेल ते तो अडवितो, एवढेच. निकष आकाराचा असल्यामुळे ‘चाळणी’ हे नाव त्याला अधिक शोभते आणि या लेखात तेच वापरले आहे. प्रत्यक्ष केंद्रावर काम करणारी माणसे ‘स्क्रीन’ अथवा ‘जाळी’ म्हणतात, हे येथे नमूद केले पाहिजे.

घरगुती साधनांशी या चाळणीचे साम्य मात्र एका ठिकाणी संपते. पिठाच्या चाळणीतून खाली पडलेले पीठ वापरण्यास सिद्ध असते. रोवळीत धुतलेले तांदूळ रोवळीतच राहतात आणि तेच हवे असतात. दोन बाजूंपैकी एका बाजूचे काम तेथे पुरे झालेले असते. सांडपाण्याच्या चाळणीत तसे नाही. पुढे गेलेले पाणी अद्याप सांडपाणीच आहे, आणि मागे अडकलेले पदार्थ तर त्याहून घाण. एका कामाची दोन कामे करून चाळणी मोकळी होते. अभियांत्रिकीचे लक्ष स्वाभाविकपणे पाण्याच्या बाजूकडे वळते. दुसऱ्या बाजूला जे उरते त्याचे काय होते, ते कोण उचलतो आणि कोठे नेतो, हा प्रश्न दीर्घकाळ माणसाच्या हातांवर सोडून दिलेला होता. यांत्रिक चाळणीचे खरे मर्म या दुसऱ्या बाजूने पाहिल्यासच ध्यानात येते.

गजजाळी आणि तिचे गणित

शहराच्या भुयारी गटारातून केवळ मैलापाणी येत नाही. चिंध्या, केस, लाकडाचे तुकडे, नारळाच्या शेंड्या, भाज्यांची देठे, प्लॅस्टिकच्या पिशव्या, गुटख्याची पाकिटे, बाटल्यांची झाकणे, न विरणारे ओले रुमाल आणि सॅनिटरी नॅपकिन असा नानाविध ऐवज त्यात असतो. यांपैकी केस आणि तंतुमय वस्तू विशेष त्रासदायक. एकट्या केसाने काही बिघडत नाही. परंतु वाहत्या पाण्यात केस, धागे आणि चिंध्या एकमेकांत गुंतून त्यांचा दोरखंडासारखा पीळ तयार होतो व तो पंपाच्या फिरत्या पात्यांना आवळून बसतो. झडपा पुऱ्या मिटत नाहीत, नळ तुंबतात, हवा सोडणारी उपकरणे झाकली जातात. पुढील सर्व यंत्रसामग्रीचे आयुष्य पहिल्या चाळणीवर अवलंबून असते, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

चाळण्यांची वर्गवारी फटींच्या मापावरून करतात. ६ मिलिमीटरपेक्षा मोठ्या फटी असलेली ती भरड चाळणी, त्याहून लहान फटींची ती बारीक चाळणी, आणि मिलिमीटरच्या विसाव्या हिश्शाहूनही लहान छिद्रे असलेली ती सूक्ष्म चाळणी, अशी एक रूढ विभागणी आहे. सीमारेषा ग्रंथागणिक थोड्या बदलतात, परंतु क्रम तोच राहतो.

भरड चाळणीचे सर्वांत परिचित रूप म्हणजे खिडकीच्या गजांप्रमाणे समांतर उभ्या केलेल्या पोलादी पट्ट्यांची गजजाळी. ती प्रवाहाच्या पात्रात आडवी, परंतु वरच्या बाजूस मागे कललेली अशी बसवितात. हाताने साफ करावयाच्या जाळीत गजांमधील मोकळी फट साधारणतः २५ ते ५० मिलिमीटर आणि उभ्या रेषेपासूनचा कल ३० ते ४५ अंश असतो. यंत्राने साफ होणाऱ्या जाळीत फट १५ ते ७५ मिलिमीटर असते आणि कल ३० अंशांपेक्षा अधिक सहसा नसतो. म्हणजे ती बरीचशी ताठ उभी असते. या फरकाचे कारण माणसाच्या शरीरात आहे. उभ्या जाळीवरून ओझे वर ओढणे माणसास जड जाते. जाळी जितकी कललेली तितके ओढणे सोपे, परंतु जाळीची लांबी तितकी अधिक. यंत्रास अशी सवलत द्यावी लागत नाही.

पाण्याचा वेग येथे दोन्ही बाजूंनी बांधलेला असतो. पात्रातील वेग फार मंद झाला तर वाळू आणि खडी जाळीपुढेच तळाला बसते. म्हणून तो सेकंदाला सुमारे ०.४ मीटरपेक्षा कमी होऊ देत नाहीत. फटींतून जाणारा वेग फार वाढला तर चिंध्या आणि पिशव्या गजांवर न अडकता दाबाने पलीकडे रेटल्या जातात. म्हणून महत्तम प्रवाहाच्या वेळीही तो सुमारे ०.९ मीटरच्या आसपास राहावा अशी रचना करतात. या दोन मर्यादांच्या मध्ये पात्राची रुंदी आणि गजांची संख्या ठरते.

अडसर म्हटला की पाण्याची पातळी त्याच्या मागे चढणारच. ही चढ किती, याचा हिशेब एका सोप्या सूत्राने करता येतो. फटींतील वेगाचा वर्ग आणि पात्रातील वेगाचा वर्ग यांची वजाबाकी करावी, तिला गुरुत्वाकर्षणाच्या दुपटीने भागावे आणि पुन्हा ०.७ या अनुभवसिद्ध गुणांकाने भागावे. उदाहरणार्थ, १० मिलिमीटर जाडीचे गज आणि २५ मिलिमीटरच्या फटी असलेली जाळी घेऊ. पात्रातील वेग सेकंदाला ०.६ मीटर असेल तर फटींतील वेग ०.८४ मीटर होतो आणि पातळीतील फरक सुमारे २.५ सेंटिमीटर येतो. जाळीचा एक चतुर्थांश भाग तुंबला, आणि पात्रातील वेग तोच धरला, तर फटींतील वेग १.१२ मीटर आणि पातळीतील फरक सुमारे ६.५ सेंटिमीटर होतो. अर्धी जाळी तुंबली तर हाच फरक सुमारे १८ सेंटिमीटरवर जातो. तुंबणे दुप्पट झाले की चढ दुपटीहून पुष्कळ अधिक वाढते, कारण हिशेबात वेगाचा वर्ग येतो. जाळी साफ करण्यात थोडी हयगय झाली तर थोडेच बिघडेल, हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही. अर्धी तुंबलेली जाळी पाणी तर मागे चढवितेच. शिवाय उरलेल्या फटींतील वेग दुप्पट करून अडकलेला कचराही पुढे लोटते. म्हणजे ती आपले दोन्ही धर्म एकाच वेळी सोडते.

गजाच्या आकारालाही या हिशेबात स्थान आहे. जर्मन अभियंते किर्शमर यांनी १९२६ मध्ये दिलेल्या सूत्रात निरनिराळ्या छेदांच्या गजांसाठी निरनिराळे गुणांक आहेत. धारदार कोपऱ्यांच्या चौकोनी पट्टीसाठी तो २.४२ आहे, प्रवाहाकडील बाजू अर्धगोल केल्यास १.८३ होतो, आणि पाण्याच्या थेंबासारखा, पुढे गोल व मागे निमुळता छेद घेतल्यास ०.७६ पर्यंत उतरतो. मागे निमुळत्या होणाऱ्या गजाचा आणखी एक लाभ असा की, त्याच्या तोंडाशी शिरलेली वस्तू मध्येच पाचरीसारखी अडकून बसत नाही.

हाताचे दंताळे

यंत्राच्या पूर्वी जाळी साफ करण्याचे साधन होते ते दंताळे. शेतातील काडीकचरा ओढून एकत्र करण्यासाठी शेतकरी जे लांब दांड्याचे, दातांचे अवजार वापरतो, तेच थोड्या फरकाने येथे आले. त्याचे दात गजांच्या फटींत बसतील अशा अंतरावर असतात. जाळीच्या माथ्यावरील पाटावर उभे राहून कामगार ते पाण्यात सोडतो, तळापर्यंत नेतो आणि अडकलेले सर्व वर ओढतो. माथ्याशी छिद्रे पाडलेला एक पत्रा असतो. त्यावर ओढलेला ढीग काही काळ निथळू देतात व मग फावड्याने गाडीत भरतात. लहान केंद्रांत आणि मोठ्या केंद्रांच्या राखीव पात्रांत ही पद्धत अद्याप आहे.

वर्णनात ही क्रिया सरळ दिसते. प्रत्यक्षात तिच्यात तीन गोष्टी एकत्र येतात. पहिली म्हणजे तिचे सातत्य. सांडपाणी रात्री थांबत नाही आणि सणवारी तर वाढते, म्हणून दंताळ्यालाही विश्रांती नाही. दुसरी म्हणजे स्पर्श. ओढलेल्या ढिगात मैला, रुग्णांच्या वापरातील वस्तू, सुया आणि काचा असतात. तिसरी आणि सर्वांत घातक गोष्ट म्हणजे वायू. मैलापाण्यात प्राणवायू संपला की हायड्रोजन सल्फाइड निर्माण होतो. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे खोल पात्रात आणि विहिरीत साठून राहतो. अल्प प्रमाणात त्याला सडक्या अंड्याचा वास येतो. परंतु प्रमाण वाढले की घ्राणेंद्रियच बधिर होते व वास येईनासा होतो. वास गेला म्हणजे धोका गेला असे समजून माणूस खाली उतरतो, आणि तोच क्षण प्राणघातक ठरतो. जाळी जमिनीखाली जितकी खोल, तितका हा धोका अधिक.

यंत्राचे प्रकार

यांत्रिक चाळणीत जाळी तीच राहते. बदलते ती दंताळे चालविणारी शक्ती. त्या शक्तीची योजना कशी केली आहे यावरून चार मुख्य प्रकार पडतात.

पहिला प्रकार अंतहीन साखळीचा. जाळीच्या दोन्ही अंगांना साखळ्या असून त्यांवर ठराविक अंतराने दंताळी बसविलेली असतात. वर मोटार आणि खाली, पाण्याच्या तळाशी, दातेरी चाके. साखळी फिरत राहते व एकामागून एक दंताळे तळापासून कचरा वर आणते. रहाटगाडग्याची आठवण करून देणारी ही रचना कार्यक्षम आहे. परंतु तिची खालची चाके आणि त्यांचे आधार सदैव मैलापाण्यात बुडालेले असतात. ते झिजले किंवा त्यांत वाळू बसली की पात्र बंद करून, उपसून, खाली उतरल्यावाचून दुरुस्ती होत नाही.

दुसरा प्रकार वरखाली ये-जा करणाऱ्या एकाच दंताळ्याचा. माणसाच्या हालचालीचे हे जवळजवळ अनुकरण होय. दंताळे जाळीपासून दूर राहून खाली उतरते, तळाशी गजांत शिरते आणि कचरा घेऊन वर चढते. चालविणारी सर्व अंगे पाण्याच्या वर असल्यामुळे दुरुस्ती जमिनीवर उभे राहून करता येते. दोष असे की एका फेरीस वेळ लागतो, वर उंच जागा हवी असते, आणि जाळीपुढे वाळू साठल्यास दंताळे अडते. पात्रातील पाणी अवचित चढले तर मोटार बुडून जळण्याचा धोकाही असतो.

तिसरा प्रकार झोल दिलेल्या साखळीचा. यात साखळी जड असून ती स्वतःच्या वजनाने खाली लोंबते व त्याच वजनाने दंताळी गजांवर दाबून बसतात. तळाशी चाके नाहीत, म्हणून बुडालेले आधारही नाहीत. अनेक दंताळी असल्यामुळे फेरी जलद होते आणि मोठ्या वस्तूही उचलल्या जातात. मात्र साखळ्या फार जड असल्याने हाताळण्यास कठीण, आणि जाळी बरीच कललेली ठेवावी लागत असल्याने जागा अधिक लागते.

चौथा प्रकार अखंड पट्ट्याचा. येथे जाळी आणि दंताळे असा भेदच राहत नाही. आकडेवजा तुकड्यांचा विणलेला पट्टा स्वतःच चाळणी असतो आणि फिरता फिरता कचरा वर वाहून नेतो. तो सहसा अडत नाही. परंतु त्याचे तुकडे बदलण्याचे काम वेळखाऊ आणि खर्चिक असते.

या यंत्रांना केव्हा चालावयाचे हे सांगणारी व्यवस्था दोन प्रकारची असते. एक घड्याळाची, म्हणजे ठराविक मिनिटांनी यंत्र फेरी मारते. दुसरी पातळीची. जाळीच्या अलीकडील आणि पलीकडील पाण्यातील फरक ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की यंत्र सुरू होते. वर दिलेले गणित येथे उपयोगी पडते, कारण तो फरक हेच जाळी तुंबल्याचे लक्षण असते. दोन्ही व्यवस्था एकत्र ठेवणे इष्ट. एखादे ओंडके अडकून दंताळे थांबले तर मोटारीवर अधिक भार पडण्यापूर्वी ती बंद करणारा स्विचही असावा लागतो. यंत्र बंद पडल्यास पाणी वळविण्यासाठी शेजारी दुसरे पात्र असते आणि त्यात बहुधा हाताने साफ करावयाची जाळी असते.

या चार प्रकारांची तुलना किती कचरा अडतो आणि किती वीज लागते यांवर केली जाते, आणि ती योग्यही आहे. तथापि आणखी एक कसोटी तितक्याच महत्त्वाची मानली पाहिजे : यंत्र बिघडले असता दुरुस्ती करणाऱ्याने उभे कोठे राहावयाचे? पहिल्या प्रकारात उत्तर आहे ‘पात्राच्या तळाशी’, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारांत, बहुतेक दुरुस्त्यांपुरते तरी, ‘जमिनीवर’. माणसाला मैलापाण्यापासून दूर ठेवण्यासाठी आणलेले यंत्र आपल्या आजारपणात त्याला पुन्हा तेथेच बोलावीत असेल, तर ते काम अर्धवटच झाले.

बारीक चाळण्यांचा मोह आणि मर्यादा

फटी लहान केल्या तर अधिक मळ अडेल, मग त्या शक्य तितक्या लहान का करू नयेत, असा प्रश्न स्वाभाविक आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी या विचाराने मोठमोठे प्रयोग झाले. जर्मनीत ड्रेस्डेन शहराच्या कॅडित्झ येथे १९१० मध्ये सुरू झालेल्या केंद्रात बारीक फटींच्या, कललेल्या, फिरत्या तबकड्या बसविल्या होत्या. तबकडीचा एक भाग पाण्यात आणि दुसरा पाण्याबाहेर असे. बाहेर आलेल्या भागावरील मळ फिरते ब्रश झाडून घेत. त्या काळी अशा चाळण्यांकडे स्वतंत्र शुद्धीकरण म्हणून पाहिले जाई. पुढे निवळण टाक्यांनी त्यांची जागा घेतली, कारण चाळणीने जे साधत नव्हते ते केवळ स्थिर पाण्यात अधिक चांगले साधे. १९७० नंतर चांगले पोलाद आणि पाचरीच्या छेदाच्या तारा उपलब्ध झाल्यावर बारीक चाळण्या पुन्हा पुढे आल्या. फिरते ढोल, पायऱ्यापायऱ्यांनी कचरा वर सरकविणाऱ्या चाळण्या आणि छिद्रे पाडलेल्या पत्र्यांचे पट्टे ही त्यांची आजची रूपे होत.

आता काही केंद्रांत त्या अपरिहार्यही झाल्या आहेत. ज्या केंद्रांत पाणी अखेर सच्छिद्र पापुद्र्यांतून गाळले जाते, तेथे पोकळ तंतूंच्या पापुद्र्यांसाठी १ ते २ मिलिमीटरची चाळणी आधी लागते. एरवी केसांचे पीळ त्या तंतूंना गुंडाळून बसतात.

परंतु बारीक चाळणीची किंमत मोजावी लागते. पातळीतील चढ वाढते. तेल आणि चरबी यांचा थर फटींवर बसतो व तो गरम पाण्याने अथवा वाफेने काढावा लागतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तिच्यावर चिंध्यांबरोबर मैल्याचे तुकडेही अडतात. वस्तुतः हा सेंद्रिय अंश पुढे जावयास हवा असतो, कारण पुढील टाक्यांतील जीवाणूंचे ते अन्न आहे. तो चाळणीवरच राहिला तर पुढील क्रिया त्याला मुकते आणि अडलेल्या कचऱ्याची दुर्गंधी व धोका मात्र वाढतो. चाळणी जितकी बारीक, तितके तिच्या मागे उरलेले काम अवघड, असा हा व्यस्त हिशेब आहे.

चोथा आणि गाळ

चाळणीवर जे अडते त्याला नेमके नाव असणे आवश्यक आहे. मराठीत तळाशी बसतो तो गाळ, पिठाच्या चाळणीत उरतो तो कोंडा, आणि गाळणीवर अथवा पिळल्यावर राहतो तो चोथा. सांडपाण्याच्या चाळणीवरील द्रव्य ओले, तंतुमय आणि पिळून काढण्याजोगे असते, म्हणून त्यास ‘चोथा’ म्हणणे युक्त होईल. बोलताना चोथा आणि गाळ या दोहोंना सरसकट ‘गाळ’ म्हटले तर घोटाळा होतो, कारण दोहोंची पुढील गती निराळी आहे. गाळ टाक्यांत कुजवून त्यापासून वायू आणि खत मिळविता येते. चोथ्यातील प्लॅस्टिक आणि चिंध्या कुजत नाहीत. तो गाळात मिसळला तर गाळाचीही उपयुक्तता संपते.

भरड चोथ्याच्या वजनात पाण्याचा वाटा साधारणतः ६० ते ९० टक्के असतो. म्हणजे गाडीत भरून नेले जाते ते बहुतांशी पाणीच, आणि तेही वाटेत ठिबकणारे. म्हणून आधुनिक केंद्रांत चाळणीच्या खालीच धुणारे आणि दाबणारे यंत्र जोडतात. पाण्याच्या झोतात चोथा घुसळला की मैल्याचा अंश सुटून प्रवाहात परत जातो, आणि मग मळसूत्री दट्ट्या त्यातील पाणी पिळून काढतो. उरलेला कोरडा चोथा नळीवाटे थेट झाकलेल्या पेटीत पडतो. तेथून तो शास्त्रीय भराव भूमीत पुरतात किंवा जाळतात. एके काळी चोथा कुटून पुन्हा प्रवाहात सोडणारी यंत्रे लोकप्रिय होती. चोथा हाताळण्याचा प्रश्न त्यांनी टाळला खरा, परंतु कुटलेल्या चिंध्या पुढे जाऊन पुन्हा पीळ धरीत, म्हणून अनेक ठिकाणी ती मागे पडली.

दंताळे यांत्रिक असूनही खाली पडलेला चोथा फावड्याने भरावा लागत असेल, तर यांत्रिकीकरण पाटापर्यंतच पोचले असे म्हणावे लागेल. यंत्रांची साखळी दंताळ्यापासून झाकलेल्या पेटीपर्यंत अखंड असेल तरच चाळणीच्या दुसऱ्या बाजूचे काम पुरे होते.

मुंबईचे उदाहरण

चाळणीचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा ही दोन्ही मुंबईत एकत्र पाहावयास मिळतात. बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरील मैलापाणी समुद्रात खोलवर सोडण्यासाठी वरळी येथे सुमारे ३.४ किलोमीटर लांबीची वाहिनी १९९९ मध्ये, आणि वांद्रे येथे सुमारे ३.७ किलोमीटर लांबीची वाहिनी २००३ मध्ये कार्यान्वित झाली. या वाहिन्यांत जाण्यापूर्वी पाण्यावर मुख्यतः दोनच संस्कार होत : चाळणे आणि वाळू-खडी काढणे. उरलेले काम समुद्राच्या विस्तारावर सोपविलेले होते. म्हणजे शहराच्या मोठ्या भागाच्या बाबतीत चाळणी ही शुद्धीकरणाची प्रस्तावना नसून जवळजवळ संपूर्ण ग्रंथच होती. तिने वाहिनी तुंबू दिली नाही. परंतु विरघळलेली घाण आणि रोगजंतू यांना ती अडवू शकत नव्हती, कारण ते तिच्या निकषातच बसत नाहीत. वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, घाटकोपर आणि भांडुप या सात ठिकाणच्या, एकूण दिवसाला २,४६४ दशलक्ष लिटर क्षमतेच्या नव्या केंद्रांची पायाभरणी जानेवारी २०२३ मध्ये झाली. त्यामागील एक कारण हेच आहे.

पावसाळा ही येथील चाळण्यांची खरी परीक्षा. उन्हाळाभर गटारांत साठलेला कचरा पहिल्या मोठ्या पावसाबरोबर एकदम वाहून येतो आणि काही तासांत चाळणीवर एरवीपेक्षा कितीतरी अधिक भार पडतो. सरासरी प्रवाह धरून निवडलेले दंताळे अशा वेळी कमी पडते, आणि मग राखीव पात्रातील हाताची जाळी कामास लागते. यंत्र सर्वांत जास्त हवे तेव्हाच माणूस खाली उतरतो, अशी ही विपरीत स्थिती आहे. म्हणून यंत्राची क्षमता सरासरीवर न ठरविता अशा दिवसावर ठरवावयास हवी.

समारोप

हाताने मैला साफ करणाऱ्यांच्या सेवायोजनास प्रतिबंध आणि त्यांचे पुनर्वसन यांविषयीचा अधिनियम २०१३ मध्ये झाला आणि गटारे व सेप्टिक टाक्या यांच्या धोकादायक सफाईस त्याने मनाई केली. २७ मार्च २०१४ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासून गटारांत मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबीयांना प्रत्येकी १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. २० ऑक्टोबर २०२३ च्या निर्णयात ही रक्कम ३० लाख झाली. या अधिनियमाखाली झालेल्या २०१३ च्या नियमांत माणसाने गटारात उतरण्यास जे मोजके अपवाद ठेवले आहेत, त्यांपैकी एक लक्षणीय आहे : शोषणविहिरीच्या तळाशी बसविलेला पंप बाहेर काढणे. असा पंप ज्या कारणांनी अडतो त्यांत चिंध्यांचा पीळ हे एक प्रमुख कारण, आणि तो पीळ पंपापर्यंत पोचला याचा अर्थ त्याच्या आधीची चाळणी आपले काम करीत नव्हती अथवा ती तेथे नव्हतीच. कायद्याचा अपवाद आणि यंत्राची उणीव येथे एकाच विहिरीत भेटतात.

यावरून यांत्रिक चाळणीकडे कोणत्या दृष्टीने पाहावे हे स्पष्ट होते. तिची फट किती, कल किती, पातळीतील चढ किती, हे प्रश्न पाण्याच्या बाजूचे आहेत व त्यांची उत्तरे गणित देते. चोथा कोण उचलतो, बिघाड झाल्यावर कोण कोठे उतरतो आणि पहिल्या पावसाच्या रात्री राखीव जाळीवर कोण उभा असतो, हे प्रश्न दुसऱ्या बाजूचे. त्यांची उत्तरे यंत्र निवडण्याच्या वेळीच द्यावी लागतात, कारण पुढे ती द्यावयाची वेळ येते तेव्हा निवड हाती उरलेली नसते. परिभाषेचा उपयोगही येथेच आहे. चाळणी, गजजाळी, दंताळे, चोथा आणि गाळ या पाच वस्तूंना पाच निराळे शब्द असले, तर निविदेत, नकाशात आणि कामाच्या पत्रकात प्रत्येकीची जबाबदारी निराळी लिहिता येते. चोथ्याला नावच नसेल तर त्याची तरतूदही कोणत्या सदरात दिसणार नाही, आणि ज्याची तरतूद नाही ते काम शेवटी कोणाच्या तरी हातावर येऊन पडते.